आधी तिचं ऐक
तू स्वतः नवऱ्याच्या मारझोडीतून बाहेर आलीस, म्हणून मदत मागायला आलेल्या बाईला आपली गोष्ट लगेच सांगावीशी वाटेल. नको सांगूस. या कामाच्या पहिल्या वर्षी मी हेच करायचे. एक बाई शेवटी माझेच डोळे पुसत बसली, तिचं राहूनच गेलं! 'इतकी वर्षं का राहिलीस?' हे तर चुकूनही विचारू नकोस. आपल्यालाही विचारलं होतंच की सगळ्यांनी.

'सोड त्याला' असंही म्हणू नकोस. बाई निघायला लागली की मार वाढतो, कधी जिवावर बेततं. आधार कार्ड, पासबुक, मुलांचे दाखले, दवाखान्याचे कागद आधी विश्वासातल्या शेजारणीकडे ठेवायला सांग. 2005 च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्याखाली, त्यासाठीच नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार देता येते. घर नवऱ्याच्या नावावर असलं तरी तिला तिथे राहायचा हक्क आहे, हे बहुतेकींना ठाऊकच नसतं. 181 हा महिला हेल्पलाइनचा नंबर तिच्याकडून पाठ करून घे. मोबाइलमध्ये सेव्ह नको, तो नवरा तपासतो.

आणि तुला कुठे भाषणाला बोलावलं, तर काय सांगायचं नाही ते घरूनच ठरवून जा. पत्रकार खोदून खोदून विचारतात.