वितंडवाद म्हणजे नेमका कोणता वाद?

एका वाचकाचा प्रश्न आहे : "घरी, कट्ट्यावर, नातेवाइकांच्या गटात राजकारणावरचं बोलणं तापलं की कुणीतरी 'हा वितंडवाद आहे, थांबवा' असं म्हणतं. वितंडवाद म्हणजे जोरजोरात भांडणं का? मग सभ्यपणे घातलेल्या वादाला मराठीत काय म्हणायचं? आणि शब्द वितंडवाद की वितंडावाद?"

आवाजाचा आणि वितंडेचा काडीचाही संबंध नाही. उत्तराची सुरुवात इथूनच करायला हवी, कारण चढ्या आवाजात बोलला तो वितंडवादी आणि 'आपल्या मताचा आदर आहे' म्हणाला तो सभ्य, अशी वाटणी आपण फार लवकर करून टाकतो. हा शब्द मोजतो ते वेगळंच.

वितंडा हा न्यायशास्त्राचा, म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्राचा शब्द. गौतमाच्या न्यायसूत्रांत जे सोळा पदार्थ, म्हणजे विचाराचे विषय, सांगितले आहेत, त्यांत वाद, जल्प आणि वितंडा ओळीने येतात. भाष्यकार वात्स्यायन या तिघांना मिळून 'कथा' म्हणतो. त्यातला वाद सगळ्यांत वरचा. दोन पक्ष समोरासमोर, दोघांच्या हातात प्रमाण आणि तर्क, आणि हेतू एकच, खरं काय ते कळावं. जल्पातही दोन पक्ष असतात, पण तिथे जिंकायचं असतं, त्यासाठी छल (समोरच्याच्या शब्दांचा मुद्दाम भलता अर्थ लावणं) चालतो, जाती चालते (ही जाती म्हणजे वरवरच्या साम्यावर किंवा भेदावर बेतलेलं फसवं उत्तर, आपल्या ओळखीची जात नव्हे), प्रतिपक्षाला कोंडीत पकडणं चालतं. वितंडेची व्याख्या मात्र एका ओळीची आहे : 'स प्रतिपक्षस्थापनाहीनो वितण्डा'. म्हणजे तोच जल्प, फक्त स्वतःची बाजू न मांडता केलेला. आवाज, शिवी, राग यांचं या ओळीत नावही नाही. आहे ती एकच अट : दुसऱ्याचं सगळं मोडायचं आणि स्वतःचं काही उभं करायचं नाही.

उदाहरण घेऊ. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली, ती मे २०२४ मध्ये उठवली. मधल्या काळात नाशिककडच्या एखाद्या पारावर हा विषय निघाला आहे असं समजा. एक जण म्हणतो, "शहरातल्या ग्राहकाला स्वस्त कांदा द्यायचा म्हणून माझ्या खिशात हात कशाला? सरकारने लासलगावात बाजारभावाने कांदा घ्यावा आणि तोटा सोसून विकावा." दुसरा उसळून म्हणतो, "साफ चुकीचं बोलताय! तुमची ही खरेदी होऊन माल शहरात पोचेपर्यंत हातावर पोट असलेल्याने काय खायचं? बंदी हवीच. फक्त ती कधी उठणार ती तारीख आधी जाहीर करा." दोघांचे आवाज टिपेला पोचलेत, एकाने पायातली वहाण आपटली आहे. तरीही हा वाद आहे, आणि चांगला वाद आहे. दोघांनी आपापलं म्हणणं उघड्यावर ठेवलं आहे, त्यावर घाव घालायची मोकळीक दुसऱ्याला दिली आहे. वर दुसऱ्याने तारखेची अट घालून पहिल्याची अर्धी तक्रार मान्यही केली आहे.

आता तिसरा येतो. अगदी शांत. "दादा, तुमच्याबद्दल मला नितांत आदर आहे. फक्त एक विचारतो, नुकसान झालं म्हणजे किती?" आकडा सांगितला की, "तो मोजला कोणी?" मोजणाऱ्याचं नाव सांगितलं की, "त्यांचा कल कुठे आहे ते आपण जाणतोच." बरं, तुमचं काय म्हणणं आहे? "माझं मत महत्त्वाचं नाही हो, मी फक्त प्रश्न विचारतोय." तोंडून एक वावगा शब्द निघालेला नाही. ही वितंडा. सभेत बसलेल्यांना मात्र हाच माणूस सुसंस्कृत वाटतो आणि वहाण आपटणारे दोघे भांडकुदळ ठरतात, हे मला अन्यायाचं वाटतं.

इथे घाईने दुसऱ्या टोकाला जायला नको. प्रश्न विचारणारा प्रत्येक जण वैतंडिक नसतो. रस्त्यात खड्डा आहे असं सांगणाऱ्याकडून रस्ता बांधणीचा आराखडा मागायचा नसतो. कसोटी सोपी आहे : समाधान होईल असं एखादं उत्तर या माणसाच्या मनात आहे का? असेल तर ती जिज्ञासा. कुठलंही उत्तर आलं तरी पुढचा प्रश्न तयारच असेल, तर ती वितंडा. आणि गंमत अशी की खरा प्रश्न विचारणाऱ्याला गप्प करायलाच 'वितंडवादी' हा शिक्का सर्वाधिक वापरला जातो. न्यायसूत्रांनी या चलाखीलाही नाव दिलं आहे. समोरच्याचा दोष नसताना त्याच्यावर दोष ठेवणं म्हणजे 'निरनुयोज्यानुयोग', आणि बावीस निग्रहस्थानांत, म्हणजे वादात हार मानावी लागते अशा जागांत, ती एक जागा आहे. उच्चारायला अवघड, पण जे सांगितलंय ते रोजच्या अनुभवाचं आहे.

त्याच यादीत 'मतानुज्ञा' आहे. आपल्या बाजूवर ठेवलेला आरोप खोडायचा नाही, उलट 'मग तुमच्या बाजूचं काय?' म्हणायचं. आजच्या राजकीय बोलण्यातलं सगळ्यांत जास्त चालणारं नाणं हेच. या पक्षाच्या भ्रष्टाचाराबद्दल विचारलं की त्या पक्षाच्या काळातला भ्रष्टाचार काढायचा. सूत्रकार याला हार का मानतो, ते त्या नावातच आहे : असं उत्तर देणारा आपल्यावरचा आरोप नकळत मान्य करून बसतो. मतानुज्ञा म्हणजे समोरच्याच्या मताला दिलेली संमती. 'तुमच्याही काळात झालं' याचा पहिला अर्थ 'आमच्या काळात झालं' हाच असतो.

छलाचे तीन प्रकार सांगितले आहेत, त्यांतला वाक्छल आपण 'शब्दच्छल' या नावाने अजून वापरतो. त्याचं ठरलेलं उदाहरण 'नवकंबल'. एकाने म्हणायचं, याच्याकडे नव कंबल आहे, म्हणजे नवी घोंगडी. दुसऱ्याने विचारायचं, नऊ कुठे आहेत, एकच तर दिसते. उपचारछल त्याहून ओळखीचा : लाक्षणिक बोलणं शब्दशः घ्यायचं. 'दिल्ली ऐकत नाही' म्हटलं की 'दिल्लीला कान असतात का?' मराठीत याच शब्दाचं 'छळ' हे रूप झालं आणि त्याचा अर्थ जाच, त्रास असा घट्ट बसला. एका शब्दाची ही दोन रूपं शेजारी ठेवून पाहावीत. शब्दच्छल फार वेळ चालला की ऐकणाऱ्याचा छळ होतो, हे भाषेने स्वतःच नोंदवून ठेवल्यासारखं आहे.

जल्पाचं नशीब अलीकडे उघडलं आहे. समाजमाध्यमांवर झुंडीने तुटून पडणाऱ्यांना मराठी वृत्तपत्रं 'जल्पक' म्हणू लागली आहेत. मला हा शब्द चपखल वाटतो, पण एका मर्यादेत. ज्याला आपला पक्ष आहे, तो जिंकवायचा आहे आणि त्यासाठी काहीही चालेल असं वाटतं, तो जल्पक. ज्याला पक्षच नाही, फक्त समोरचा पडलेला पाहायचा आहे, तो वैतंडिक. दोघांना एकाच पोत्यात घालू नये. जल्पकाशी कधी ना कधी त्याच्या मुद्द्यावर बोलता येतं, कारण निदान तो मुद्दा तरी त्याच्याजवळ असतो.

'वाद' या शब्दाची मात्र मराठीत घसरण झाली. न्यायशास्त्रात जो सर्वांत शुद्ध, तो आज 'त्यांच्यात वाद झाला', 'बांधाचा वाद', 'वादग्रस्त विधान' असा भांडणाच्या खात्यात जमा आहे. हुज्जत तशीच घसरली. मूळ अरबी शब्दाचा अर्थ पुरावा, युक्तिवाद, आणि आपल्याकडे 'पोलिसांशी हुज्जत घातली' म्हणजे उगाच अडून बसला. वाद काय आणि हुज्जत काय, पुरावा देणारे हे दोन्ही शब्द आपण भांडणाला बहाल केले, हे मला लागतं. कलगीतुऱ्याचंही तेच झालंय. दोन पुढाऱ्यांनी एकमेकांवर तोंडसुख घेतलं की बातमी येते 'कलगीतुरा रंगला'. मूळचा कलगीतुरा शाहिरांचा. कलगीवाले शक्ती श्रेष्ठ मानणारे, तुरेवाले शिव श्रेष्ठ मानणारे, आणि भेदिक लावण्यांतून एकाने कूट घालायचं, दुसऱ्याने ते उकलायचं. कोकणात शक्ती-तुऱ्याचे सामने आजही रात्रभर रंगतात. तिथे टोमणे असतात, पण सवालाला जवाब द्यावा लागतो. जवाब न देता नवा सवाल टाकणाऱ्याला लोक हार मानायला लावतात. पुढाऱ्यांच्या चकमकीला हा शब्द देणं म्हणजे शाहिरांवर अन्याय आहे.

सभ्यता मोजायला मराठी माणूस सर्वनामाकडे बघतो. 'एकेरीवर आला', 'अरेतुरे केलं', 'हमरीतुमरीवर आले', हे सगळे वाक्प्रचार तेच सांगतात. ही मोजपट्टी खोटी नाही. तुम्हीवरून तूवर उडी मारणं हा अपमान आहे, आणि तो तसाच करायचा असतो म्हणून केला जातो. पण ती अपुरी आहे. आपण आईला तू म्हणतो, विठोबाला तू म्हणतो, आणि 'अहो विद्वान, जरा अभ्यास करून या' हे आदरार्थी बहुवचनातलं वाक्य कुठल्याही एकेरीपेक्षा जास्त बोचतं. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात वाणीने टाकून दिलेल्या अवगुणांची यादी आहे : 'विरोधु वादुबळु, प्राणितापढाळु, उपहासु छळु, वर्मस्पर्शु'. विरोध, वादाची खुमखुमी, दुसऱ्याला ताप होईल असं बोलणं, उपहास, छळ, वर्मावर बोट ठेवणं. सर्वनामाचा उल्लेख नाही. जखम नेमकी कशाने होते, ते या ओवीने जास्त बारकाईने पाहिलं आहे.

तीव्र मतभेद असूनही वितंडा न झालेला राजकीय वाद मराठीत सापडेल का? सापडतो. संमतिवयाच्या, म्हणजे शरीरसंबंधासाठी मुलीचं किमान वय ठरवणाऱ्या कायद्यावरून १८९१ च्या आसपास 'केसरी' आणि 'सुधारक' यांची जुंपली होती. टिळक आणि आगरकर हे १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र काढलेले मित्र. १८८८ मध्ये आगरकरांनी 'सुधारक' काढला, तोवर वाटा वेगळ्या झालेल्या. दोन्हीकडची भाषा कमालीची बोचरी होती. पण टिळकांनी परक्या सरकारने आमच्या समाजात कायद्याने हात घालू नये एवढंच म्हणून सोडलं नाही. समाजसुधारणा मागणाऱ्यांनी आधी स्वतःवर बंधन घालून घ्यावं, मुलीचं लग्न सोळाच्या आत आणि मुलाचं विसाच्या आत करू नये, असा उलट प्रस्ताव त्यांनी मांडला होता. आगरकरांची बाजू तर उघडच होती. टिळकांची भूमिका तुम्हाला पटो न पटो (मला या प्रश्नात आगरकर बरोबर वाटतात), तिला प्रतिपक्षस्थापना, म्हणजे स्वतःची मांडलेली बाजू होती. म्हणून आजही त्या वादाला तारखा आणि मुद्दे आहेत, तो वाचता येतो.

वितंडेला शास्त्राने सरसकट हद्दपार केलेलं नाही, हेही सांगायला हवं. जल्प आणि वितंडा कशासाठी, तर उगवत्या कोंबाभोवती काटेरी फांद्यांचं कुंपण घालतात तसं, असं न्यायसूत्र म्हणतं. आत कोंब मात्र असायला हवा.

आता सभ्य वादाला शब्द कोणता. चरकसंहितेत वैद्यांच्या चर्चेचे दोन प्रकार सांगितले आहेत, मिळून केलेली 'संधायसंभाषा' आणि झुंजून केलेली 'विगृह्यसंभाषा'. चरक आणखी एक व्यवहाराची गोष्ट सांगतो : आधी सभा पाहा, ती स्नेह्यांची आहे, तटस्थांची आहे की 'प्रतिनिविष्ट', म्हणजे आधीच विरोधात ठाण मांडून बसलेली आहे. शेवटच्या सभेत कुणाशीही जल्प करू नये, सभा जाणकारांची असली तरी. रोजच्या मराठीत मात्र इतकं संस्कृत चालायचं नाही. तिथे मनाच्या श्लोकांतली व्याख्या पुरे : 'तुटे वाद संवाद त्यातें म्हणावें'. ज्याने वाद मिटतो तो संवाद. 'वादसंवाद' हा जोडशब्दही जुना आहे आणि मला आवडतो, कारण त्यात वाद पुसून टाकलेला नाही.

राहिला लेखनाचा प्रश्न. संस्कृत शब्द वितंडा, त्यामुळे समास नियमाने 'वितंडावाद' होतो. मराठीत 'वितंडवाद' रूढ झालाय, तोच लिहावा. काटेकोर शास्त्री दोन्हींना हरकत घेईल, कारण जी वितंडा आहे ती वाद नव्हेच. मराठीपुरतं बोलायचं तर इथे 'वाद' कथेच्या व्यापक अर्थाने आला आहे असं समजून पुढे जाता येतं. करणाऱ्या माणसाला 'वितंडवादी' म्हणा किंवा 'वैतंडिक', दोन्ही बरोबर. नुसतं भांडण सांगायचं असेल तर 'तंडणे' हे साधं क्रियापद आपल्याकडे आहेच : दोघे तासभर तंडत बसले.