नेल्ससाठी एसआयपी थांबवू का?

तुझा मेसेज दोनदा वाचला गं. कर्वेनगरला मैत्रिणीबरोबर रूम, हिंजवडीला नोकरी, हातात ३४ हजार, त्यातले ८ घरी, २ हजारांची एसआयपी (म्युच्युअल फंडात दरमहा जाणारे), ५ हजार बाहेरून जेवण मागवण्यात, आणि आता पहिल्यांदाच ॲक्रिलिक नेल्स, म्हणजे लिक्विड-पावडरच्या मिश्रणाने आपल्या नखावर चढवलेली कृत्रिम नखं, करायचेत. पार्लरवाल्या ताईंनी सेटचे १८००, रिफिलचे ९०० आणि काढायचे ५०० सांगितलेत, तर एसआयपी थांबवू का साडेसहा हजारांचं किट ईएमआयवर घेऊन घरीच करू, असं विचारलंयस.

हौस कर, स्वतःच्या कमाईची आहे. फक्त तू १८०० डोक्यात धरून बसलीयेस आणि खरा खर्च रिफिलचा आहे. नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, मुळाशी गॅप दिसायला लागतो, म्हणून दोन-तीन आठवड्यांनी भरून घ्यावंच लागतं, तीन आठवडे धरले तरी वर्षाला १६ रिफिल म्हणजे १४,४००, सेट धरून १६,२००. महिन्याला १३५० झाले, एखादं तुटलं की वर अजून.

आणि "महिनाअखेर आहे, पुढच्या पगाराला करू" हे इथे महागात पडतं बरं का. नख पुढे सरकलं की जाड भाग टोकाकडे जातो, मग हेल्मेटचा बक्कल लावताना जरा अडकलं तरी कडेने उचकटतं, त्या फटीत पाणी राहिलं तर इन्फेक्शन होऊन नख हिरवट पडतं. ९०० वाचवायला गेलीस आणि नवा सेट करावा लागला तर दुप्पट गेले. माझ्या भाचीने तर काढायचे पैसे नव्हते म्हणून अंगठ्याचं दाताने ओढून काढलं, त्याबरोबर स्वतःच्या नखाचा पापुद्रा आला, कणीक मळतानासुद्धा झोंबायचं तिला, पूर्ण नख यायला सहा महिने गेले.

किट नको, ईएमआयवर तर मुळीच नको. लिक्विड आणि पावडरचं प्रमाण हाताला बसायला वेळ लागतो, ओलं मिश्रण सारखं कातडीला लागत राहिलं तर ॲलर्जी होऊ शकते आणि ती बहुतेक जन्मभर राहते, दातात सिमेंट भरतात त्याच्या काही प्रकारांतही त्याच जातीची केमिकल्स असतात, म्हणजे पुढे तिथेही त्रास होऊ शकतो. शिवाय बंद खोलीत तो वास, मैत्रीण पण तिथेच झोपणार.

एसआयपीला हात लावू नकोस. तीन महिन्यांपुरतं करून बघ, एक सेट, तीन रिफिल, शेवटी नीट ॲसिटोनमध्ये भिजवून काढणं, म्हणजे १८०० अधिक २७०० अधिक ५००, बरोब्बर ५ हजार. हे आधी जमव, जेवणाच्या ५ हजारांतून महिन्याला अडीच बाजूला काढलेस तर दोन महिन्यांत होतात, आणि यातले काढायचे ५०० पहिल्या दिवसापासून वेगळे ठेव. लांबी छोटीच घे, नवीन माणसाला लांब नखांची सवय नसते, कॅन उघडताना नाहीतर टाईप करताना तुटतात. रोज रात्री मुळाशी बदामाचं तेल चोळ, भांडी घासताना ग्लोव्ह्ज घाल. आणि कुठे खूपच स्वस्त सेट मिळाला तर लिक्विडमध्ये एमएमए (मिथाइल मेथाक्रिलेट नावाचं केमिकल) आहे का ते आधी विचार, ते इतकं कडक बसतं की हात आपटला तर खालचं नखच फाटतं.

किटची ऑर्डर टाकून ठेवलीयेस म्हणालीस ना, ती आजच कॅन्सल कर.