गँगस्टर, मॉन्स्टर, मिनिस्टर : एकाच माळेचे मणी नव्हेत

तुमचा प्रश्न असा की स्पिन्स्टर, गँगस्टर, मॉन्स्टर, मिनिस्टर आणि सिस्टर या सगळ्यांच्या शेवटी येणाऱ्या 'स्टर'चा अर्थ काय, आणि तो 'करणारा' असा असेल तर मॉन्स्टर नेमकं करतो तरी काय. या पाचांपैकी पहिल्या दोघांतच खरा प्रत्यय आहे. उरलेल्या तिघांचा शेवट फक्त कानाला सारखा लागतो. पण त्या दोघांची कहाणी फार गमतीची आहे, म्हणून आधी तीच.

हा प्रत्यय मुळात बायकांचा. जुन्या इंग्रजीत काम करणारा पुरुष असेल तर 'एरे' लागायचं आणि बाई असेल तर 'एस्ट्रे'. गाणारा तो 'सांगेरे', गाणारी ती 'सांगेस्ट्रे'. आपल्या माळी-माळीण, कोळी-कोळीण यांसारखीच सरळ वाटणी. डच ही इंग्रजीची जवळची नातेवाईक, तिच्यात ही वाटणी अजून दिसते : पोहणारा 'झ्वेमर', पोहणारी 'झ्वेमस्टर'. कातणं, विणणं, शिवणं, भाजणं, बिअर तयार करणं ही कामं बऱ्याच अंशी बायकांकडे असल्यामुळे या शब्दांची रांगच तयार झाली. सूत कातणारी स्पिन्स्टर, विणणारी वेब्स्टर, पाव भाजणारी बॅक्स्टर, बिअर करणारी ब्रूस्टर, पिंपाची तोटी सोडून पेले भरून देणारी टॅप्स्टर.

पुढे ही वाटणी मोडली, पण सगळीकडे सारखी नाही. इंग्लंडच्या उत्तर भागात आणि स्कॉटलंडमध्ये हा प्रत्यय पुरुषांनाही सर्रास लागू लागला. दक्षिणेत मात्र 'एर'चाच जोर राहिला. आडनावांत ती सीमारेषा अजून दिसते : दक्षिणेकडचे बेकर, तर उत्तरेकडचे बॅक्स्टर. दक्षिणेत वेबर, उत्तरेत वेब्स्टर. म्हणूनच 'वेब्स्टर आडनाव आहे म्हणजे त्या घराण्याची मूळ व्यक्ती बाईच होती' असं जे ठासून सांगितलं जातं, ते मला पटत नाही. आडनावं पक्की होत होती त्या काळात उत्तरेतला विणकर पुरुषही वेब्स्टरच म्हणवला जाई. 1828 साली अमेरिकन इंग्रजीचा प्रसिद्ध शब्दकोश काढणारे नोआ वेब्स्टर यांचं आडनाव याच विणकरांचं.

प्रत्ययातलं बाईपण पुसलं गेल्यावर एक मजेशीर पंचाईत झाली. सीम्स्टर म्हणजे शिवणारी, पण आता ऐकणाऱ्याला ती बाई वाटेना. मग फ्रेंचमधून आलेला 'एस' हा स्त्रीलिंगी प्रत्यय वर चढवून सीम्स्ट्रेस केलं, तसंच साँग्स्ट्रेस. म्हणजे माळीणला पुन्हा एक 'ईण' लावून 'माळीणीण' करावं तसला हा कारभार. आज हे शब्द वापरणाऱ्या कुणाच्या गावीही नसतं की त्यात बाई दोनदा आली आहे.

स्पिन्स्टर तेवढी बाईच राहिली, पण तिचा चरखा सुटला. कायद्याच्या कागदावर माणसाच्या नावापुढे त्याचा धंदा किंवा दर्जा लिहायची रीत होती. अविवाहित बायकांच्या नावापुढे इतक्यांदा 'स्पिन्स्टर' लिहिलं गेलं की सतराव्या शतकापर्यंत तोच त्यांचा कायदेशीर दर्जा झाला, मग ती बाई सूत कातो वा न कातो. त्यातून पुढे 'लग्नाचं वय उलटलेली' हा बोचरा अर्थ आला. इंग्लंड-वेल्समध्ये विवाहनोंदणीत हा शब्द थेट 2005 च्या डिसेंबरपर्यंत टिकून होता. मग बॅचलर आणि स्पिन्स्टर दोन्ही काढून 'सिंगल' एवढंच ठेवलं.

आता गँगस्टरकडे येऊ. सोळाव्या शतकानंतर या प्रत्ययाचा नूर बदलला. इभ्रतीच्या धंद्यांना 'एर' मिळालं आणि 'स्टर'च्या वाट्याला बहुतेक उरलेसुरले लोक आले. ट्रिक्स्टर म्हणजे फसवणारा, गेमस्टर म्हणजे जुगारी, राइमस्टर म्हणजे कवी नव्हे तर यमकं जुळवणारा. पन्स्टर म्हणजे वेळी-अवेळी शाब्दिक कोट्या करणारा. (असा एक जण प्रत्येक कट्ट्यावर असतो, आपल्याकडेही आहे.) हक्स्टर हा तर फार जुना शब्द, मूळ अर्थ फक्त किरकोळ विक्रेता. तोही घसरत घसरत गळ्यात माल मारणारा झाला. अपवाद आहेत : यंगस्टरमध्ये तुच्छता नाही, आणि बार्लीला मोड आणून, वाळवून तिचं मॉल्ट करणारा मॉल्टस्टर आजही इभ्रतीने नांदतो.

अमेरिकेत या प्रत्ययाला दुसरा जन्म मिळाला. घोडे किंवा बैल जुंपलेली गाडी हाकणारा तो टीमस्टर. घोडे गेले, ट्रक आले, नाव तेच राहिलं, आणि 1903 मध्ये स्थापन झालेली तिथली मोठी कामगार संघटना आजही टीमस्टर्स याच नावाने ओळखली जाते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गँगस्टर आला, विसाव्यात मॉबस्टर, म्हणजेही टोळीवालाच, आणि पुढे नव्या फॅशनमागे असणारा हिपस्टर. मला वाटतं, या प्रत्ययाला आज जो थोडा उडाणटप्पू, थोडा ऐटबाज रंग आहे तो इथेच चढला.

आता तोतये.

मॉन्स्टर लॅटिनमधल्या 'मोन्स्त्रुम'वरून आला, आणि त्याच्या मुळाशी 'मोनेरे' म्हणजे सावध करणं, इशारा देणं हे क्रियापद आहे. विचित्र अवयवांचं वासरू वगैरे जन्माला आलं की रोमन लोक त्याला दैवी इशारा समजत. तो इशारा म्हणजे मोन्स्त्रुम. भीतीदायक प्राणी हा अर्थ नंतरचा. वर्गावर लक्ष ठेवणारा मॉनिटर याच क्रियापदातून आलेला, म्हणजे मॉन्स्टरचा सख्खा भाऊ. तेव्हा मॉन्स्टर काय करतो, तर मुळात इशारा देतो. फक्त ते काम 'मॉन' या तुकड्यात दडलेलं आहे, 'स्टर'मध्ये नाही.

मिनिस्टरची फोड 'मिनि-स्टर' अशी नसून 'मिनिस-टर' अशी आहे. लॅटिनमध्ये 'मिनुस' म्हणजे कमी, आणि मिनिस्टर म्हणजे दुय्यम माणूस, सेवक. त्याच्या बरोब्बर उलट 'मागिस' म्हणजे अधिक, त्यावरून 'मागिस्टर' म्हणजे वरचा माणूस. मास्टर, मिस्टर आणि पोर्तुगीजांमार्फत आपल्याकडे आलेला मेस्त्री हे सगळे या मागिस्टरचे वंशज. मंत्री व्युत्पत्तीने नोकर आणि मेस्त्री व्युत्पत्तीने धनी, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे!

सिस्टरचं नातं तर थेट संस्कृत 'स्वसृ'शी आहे. संस्कृत शब्दात 'स'नंतर 'त' नाही, हे पाहा. जर्मानिक भाषांत, म्हणजे इंग्रजी, जर्मन, डच यांच्या कुळात, 'स' आणि 'र' यांच्या मध्ये उच्चाराच्या सोयीसाठी 'त' घुसला आणि आयता 'स्टर' तयार झाला.

पुष्कळ जण एक युक्ती सांगतात : 'स्टर' कापा, उरलेल्या तुकड्याला अर्थ असेल तर प्रत्यय खरा. गँग, ट्रिक, यंग यांना ती चालते. पण कामाच्या पाळ्या लावायच्या रोस्टरवर ती साफ आपटते. 'रो' म्हणजे रांग, रोस्टरमध्ये नावांची रांग, सगळं कसं चपखल! प्रत्यक्षात हा शब्द डच, आणि त्याचा मूळ अर्थ मांस भाजायची जाळी. कागदावर आखलेल्या आडव्या-उभ्या रेघा त्या जाळीसारख्या दिसत म्हणून तक्त्याला ते नाव पडलं. हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्याच्या नावातही 'हॅम'चा, म्हणजे डुकराच्या मांसाचा, काही संबंध नाही, तो जर्मनमधून जसाच्या तसा आला. तेव्हा युक्ती वापरा, पण शब्दकोश उघडल्याशिवाय निकाल देऊ नका.

बाकीचे भराभर. ऑयस्टर, म्हणजे कालव, ग्रीक 'ऑस्ट्रेऑन'वरून, हाडाच्या ग्रीक शब्दाचा नातलग. डिझास्टरमध्ये 'अस्त्रो' म्हणजे तारा आहे : ग्रह फिरले की होतं ते. लेस्टर, ग्लॉस्टर, वुस्टर या गावांच्या नावांत रोमन छावणीचा 'कास्त्रा' झिजून उरला आहे. पोस्टर, टोस्टर यांत तर काहीच गूढ नाही, साधा 'एर' आहे.

शेवटी माझा सगळ्यात आवडता शब्द, कचऱ्याचा मोठा डबा : डम्पस्टर. वाटेल की डम्प करणारा तो डम्पस्टर. खरं तर 1930 च्या दशकात अमेरिकेतल्या डेम्पस्टर ब्रदर्स या कंपनीने कचरा उचलायची यंत्रणा काढली आणि 'डम्प'ची आपल्या आडनावाशी सांगड घालून तिला डेम्पस्टर-डम्पस्टर असं नाव दिलं. आता हे डेम्पस्टर कोण? तर 'डीम' म्हणजे न्याय देणं, त्याला तोच जुना स्टर लागून झालेला शब्द, अर्थ न्यायाधीश. आइल ऑफ मॅन बेटावरच्या न्यायाधीशांना आजही डीमस्टर म्हणतात. म्हणजे डम्पस्टरमधला प्रत्यय अस्सलच आहे, फक्त तो डब्याकडे न्यायाधीशाकडून आला.