रॅमचा वेग, गती की लय?

कोथरूडच्या एका वाचकाचा प्रश्न: ‘नवा कॉम्प्युटर घरीच जोडला. रॅमच्या खोक्यावर ३२०० लिहिलंय, बायोस (कॉम्प्युटर सुरू होतानाचं, सेटिंग करायचं सॉफ्टवेअर) २४०० दाखवतं आणि एक तपासणीचं सॉफ्टवेअर १२००. खरा स्पीड कुठला? आणि “मेमरी-स्पीड सेट करणे” याला मराठीत काय म्हणावं? वेग, गती की वारंवारता?’

आधी शब्दाचं बघू, कारण आकड्यांचा घोळ शब्दातूनच झालाय. ‘गती’ म्हणजे नुसतं हलणं. शाळेच्या विज्ञानात स्पीडला ‘चाल’ आहे नि व्हेलॉसिटीला ‘वेग’, पण रॅमची चाल म्हटलं तर माणूस गाण्याची चाल आठवत बसेल. ‘वारंवारता’ बिनचूक आहे, फक्त दुकानात उभं राहून ती तोंडातून निघत नाही.

मी ‘लय’ म्हणतो. (‘लय फास्ट’मधला नव्हे. तो क्रियाविशेषण, ही नाम, स्त्रीलिंगी.) कॉम्प्युटरमधलं क्लॉक म्हणजे वेळ सांगणारं घड्याळ नाही, तो सारख्या अंतरानं पडणारा ठोका आहे. ठोका म्हणजे मात्रा, आणि दोन मात्रांमधल्या अंतरावरून ठरते ती लय. एवढं मान्य केलं की पुढचे शब्द आयते मिळतात.

डीडीआर म्हणजे डबल डेटा रेट. यासाठी नवा शब्द घडवायचं कारणच नाही, तबल्याच्या क्लासला जाणारं पोरगंही सांगेल: दुगुन. आमच्या खालच्या मजल्यावर रोज संध्याकाळी हेच चालतं. आधी चार टाळ्यांत ‘धा धिं धिं धा’, मग टाळी तीच ठेवून ‘धाधिं धिंधा धाधिं धिंधा’. रॅममध्येही ठोका चढताना एकदा आणि उतरताना एकदा, अशी मात्रेला दोनदा देवघेव होते. तुमच्या सॉफ्टवेअरचे १२०० ही मेगाहर्ट्झमधली लय, बायोसचे २४०० ही तिची दुगुन. दोघंही खरं बोलतायत.

खोक्यावरचे ३२०० म्हणजे १६००ची दुगुन, ती अजून लागलेलीच नाही. रॅम पहिल्यांदा सुरू होते ती सर्वमान्य, सुरक्षित अशा ठाय, म्हणजे संथ लयीत. कंपनीनं तपासलेली चढी लय रॅमवरच्याच एका छोट्या चिपमध्ये लिहिलेली असते. बायोसमध्ये एक्सएमपी नावाचा पर्याय (एएमडी प्रोसेसरच्या, डीडीआर५ या नव्या पिढीच्या मदरबोर्डांवर एक्स्पो) चालू केला की मदरबोर्ड ती वाचून घेतो. तुमच्यासारख्या, आधीच्या डीडीआर४ पिढीच्या रॅमचं व्होल्टेजही मग १.२ वरून बहुधा १.३५ होतं.

‘सेट करणे’साठी ‘संरूपण’ वगैरे कशाला? आपण गजर लावतो, तंबोरा लावतो, तशी रॅम ३२००ला लावावी. प्रोसेसरचंही तसंच: मूळ ठोका १०० मेगाहर्ट्झ, गुणक ३६ला लावला की ३.६ गिगाहर्ट्झ. कंपनीनं ठरवून दिल्यापेक्षा तो वर नेला, की ओव्हरक्लॉकिंग. त्याला मी सरळ ‘लय चढवणे’ म्हणतो. वादक म्हणतातच, आणि लय फार चढवली की काय होतं तेही त्यांना माहीत असतं.

‘वेग’ हा शब्द कुठे तोकडा पडतो ते रॅमच्या सीएल १६ (सीएल म्हणजे कॅस लेटन्सी, थांबायच्या मात्रा) या आकड्यात दिसतं. मागणी केल्यापासून माहिती हाती यायला १६ मात्रा, म्हणजे तीनतालाचं एक आवर्तन. १६०० मेगाहर्ट्झला एक मात्रा ०.६२५ नॅनोसेकंदाची, तेव्हा वाट पाहायची १० नॅनोसेकंद. आता डीडीआर५ची ६०००ची, सीएल ३० रॅम घ्या. लय ३०००, मात्रा निम्म्याच्या आसपास, पण थांबायचं ३० मात्रा. पुन्हा १०च नॅनोसेकंद! देवघेव जवळजवळ दुप्पट झाली, पहिला बोल मात्र तेवढ्याच वेळानं आला. ‘वेग दुप्पट’ म्हटलं की हा फरक पार पुसला जातो. ‘लय द्रुत, आवर्तन लांब’ म्हटलं की टिकतो.

दुकानात बोलताना मात्र स्पीडच म्हणा. लयीची रॅम मागितलीत तर काउंटरवरचा मुलगा तुम्हाला रंगीत दिव्यांची काढून देईल. आणि एक्सएमपी लावल्यावर तुमच्या सॉफ्टवेअरनं १६००च्या जागी १५९७ दाखवले, तर तेवढ्यासाठी रॅम परत करायला जाऊ नका.