‘एन्कम्पस’ म्हणजे ‘इतकेच’ नव्हे

आपल्या अनुभव प्रमाणपत्रात ‘ड्यूटीज एन्कम्पस्ड स्टोअर्स अँड अकाउंट्स’ असे लिहिलेले असताना छाननी करणाऱ्या कार्यालयाने त्याचा अर्थ ‘भांडार व लेखा एवढीच कामे’ असा लावला आणि खरेदीचा अनुभव अमान्य केला, हे आपण लिहिलेले वाचून उत्तर दिल्यावाचून राहवले नाही, कारण हाच प्रसंग माझ्यावरही गुदरला आहे.

‘एन्कम्पस’ या इंग्रजी क्रियापदाचे दोन अर्थ आहेत. पहिला, चहूबाजूंनी वेढणे. सिंधुदुर्ग किल्ल्याला समुद्राने एन्कम्पस केले आहे असे म्हणता येते. विजयदुर्गाला पाणी तीनच बाजूंनी असल्यामुळे तेथे हे क्रियापद शोभत नाही. दुसरा अर्थ, आपल्या व्याप्तीत संपूर्णपणे सामावून घेणे. प्रमाणपत्रात हाच दुसरा अर्थ असतो, आणि घोळही तेथेच होतो. नाव घेतलेली गोष्ट पूर्णपणे आत आहे, एवढेच हे क्रियापद सांगते. नाव न घेतलेले काही आत नाही, असे ते सांगत नाही. ‘कोकण विभाग रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग यांना एन्कम्पस करतो’ हे विधान खरे आहे. त्याच जागी ‘कम्प्राइज’ (अमुक घटकांचे मिळून बनणे) घातले तर ते चुकते, कारण ‘कम्प्राइज’नंतर सगळे घटक यावे लागतात, आणि कोकण विभागात मुंबई शहर, मुंबई उपनगर, ठाणे, पालघर व रायगड धरून 7 जिल्हे आहेत.

माझ्या प्रकरणात इंग्रजी मजकुराचा मराठी गोषवारा करताना कोणीतरी ‘फक्त’ हा शब्द घातला, जो मूळ पत्रात कोठेही नव्हता. पुढे प्रत्येक टेबलावर तो गोषवाराच वाचला गेला आणि मूळ पत्र फाइलीच्या तळाशी राहिले. मी हरकत घेतली, तेव्हा उत्तरही त्या गोषवाऱ्याच्याच आधारे आले, आणि तोवर निवड यादी बंद झाली होती. पदरचा एक शब्द घालून एखाद्याची वर्षानुवर्षांची नोकरी पुसून टाकण्याचा अधिकार कोणालाही नसावा, असे माझे ठाम मत आहे. म्हणून सर्वांत आधी कार्यालयाने आपल्या प्रमाणपत्रावर केलेल्या टिपणीची प्रत मागा. माहितीच्या अधिकाराखाली तसा अर्ज करता येतो.

मी वकील नाही, त्यामुळे पुढील मुद्दा जाणकाराला दाखवूनच वापरावा. कायद्याच्या व्याख्यांमध्ये ‘इन्क्लूड्स’ (यांचा समावेश होतो) हा शब्द सामान्यतः व्याप्ती वाढवण्यासाठी येतो. 1960 मध्ये मुंबई राज्य विरुद्ध हॉस्पिटल मजदूर सभा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांनी ‘उद्योग’ या संज्ञेचा विचार करताना समावेशक व्याख्येबद्दल हेच सांगितले होते. ‘मीन्स’ (म्हणजे) व ‘इन्क्लूड्स’ एकत्र आले की मात्र व्याख्या बंदिस्त ठरू शकते. प्रमाणपत्र म्हणजे अधिनियम नव्हे हे मान्य. तरीही जेथे ‘इन्क्लूड’लाच ‘फक्त’ चिकटत नाही, तेथे व्यापकता दाखवण्यासाठी निवडलेल्या ‘एन्कम्पस’ला तो कसा चिकटेल, हा प्रश्न लेखी विचारण्याजोगा आहे.

मराठीत ‘कामांच्या व्याप्तीत भांडार व लेखा यांचा अंतर्भाव होता’ असे भाषांतर द्यावे. ‘वेढणे’ येथे हास्यास्पद होईल आणि ‘कामे भांडार व लेखा ही होती’ हे धोक्याचे आहे. नुसत्या वादावर विसंबू नका. शक्य असल्यास जुन्या मालकांकडून खुलाशाचे पत्र घ्या, त्यात खरेदीचे काम कालावधीसह स्पष्ट लिहून घ्या आणि कामांच्या यादीआधी ‘इन्क्लूडिंग बट नॉट लिमिटेड टू’ (यांसह, पण एवढ्यापुरतेच नव्हे) हे शब्द आग्रहाने घालून घ्या. नव्या पत्रात ‘एन्कम्पस्ड ऑफ’ असे लिहिले गेले तर तेही दुरुस्त करून घ्यावे, कारण या क्रियापदापुढे ‘ऑफ’ येत नाही, आणि सदोष इंग्रजीचे निमित्त करून तेच कार्यालय पत्र परत पाठवू शकते.