रायटिंग ६ वरच अडकलंय? मोरओव्हर, फर्दरमोर बाजूला ठेवा, परिच्छेद बघा

तुमची अडचण थोडक्यात अशी: आयईएल्टीएस अ‍ॅकॅडेमिकला (परदेशी शिक्षणासाठीची इंग्रजीची परीक्षा) बाकी सगळीकडे चांगला बँड, म्हणजे ९ पैकी गुण, रायटिंगला मात्र दोन्ही वेळा ६. व्याकरण ठीक, जोडशब्द पाठ, तरी क्लासचे सर म्हणतात 'कोहेरन्स नाही', म्हणजे सुसंगती नाही. सोबत टास्क टूच्या, म्हणजे रायटिंगच्या दोन प्रश्नांपैकी दुसऱ्याच्या, निबंधातला एक परिच्छेद दिलाय. सर बरोबर बोलतायत, पण नेमकं कुठे दुखतंय ते त्यांनी सांगितलेलं दिसत नाही.

रायटिंगचे चार निकष, प्रत्येकाला २५ टक्के वजन, आणि टास्क टू हा टास्क वनच्या दुप्पट धरतात. कोहेरन्सच्या निकषात बँड ६ चं वर्णन असं आहे की जोडशब्द वापरलेत, पण वाक्यांची जोडणी सदोष किंवा यांत्रिक असू शकते. बँड ९ ला म्हटलंय की जोडणीकडे क्वचितच लक्ष जावं. म्हणजे जोडशब्द जितके डोळ्यांत भरतील तितका बँड वाढतो, हा समज उलटा आहे.

आता तुमचा परिच्छेद. विषय, विद्यापीठाचं शिक्षण मोफत असावं का. तुम्ही लिहिलंय: शिक्षण हा राष्ट्राचा कणा आहे. मोरओव्हर, मोफत शिक्षणाने गरिबांना मदत होते. फर्दरमोर, जर्मनीत फी नाही. इन अ‍ॅडिशन, तंत्रज्ञानामुळे शिक्षण सोपं झालंय. देअरफोर, सरकारने पावलं उचलावीत. वाक्यं पाच आणि विषयही पाच! 'मोरओव्हर'ने फक्त 'अजून एक सांगतो' एवढंच कळतं. आधीच्या वाक्याशी याचं नातं काय, ते कळत नाही. 'देअरफोर'च्या मागे तर कारणच नाही.

पहिलं वाक्य कुठून आलं ते सांगू? आपल्या शाळेतल्या निबंधातून. 'पावसाळ्यातील एक दिवस' आणि 'फाटक्या पुस्तकाचे आत्मवृत्त' लिहून तयार झालेला हात सुविचाराशिवाय सुरू होत नाही. तिथे त्याला गुण मिळायचे. इथे ते वाक्य कुठल्याही निबंधाला चिकटतं, म्हणून ते कुठल्याच निबंधाचं नाही. खोडा.

पहिलं वाक्य दाव्याचं हवं, ज्याला कुणी 'कशावरून?' विचारू शकेल. उदाहरणार्थ: फी माफ केली तर गुणवत्ता असूनही केवळ पैशांअभावी शिक्षण सोडणारी मुलं टिकतील. पुढचं वाक्य या 'कशावरून'चं उत्तर: प्रवेश मिळूनही अनेक घरं मागे हटतात, कारण फीसाठी कर्ज काढावं लागतं. तिसरं 'कर्ज' धरून सुरू करा: हा बोजा मुलगा कमावता होण्याआधीच घरावर बसतो. इंग्रजीत इथे नुसतं 'दिस' लिहून सोडू नका, 'दिस बर्डन' लिहा. आधीच्या वाक्याचं शेपूट पुढच्या वाक्याने धरलं की 'फर्दरमोर'ची गरजच उरत नाही. मग जर्मनी: तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही, त्यामुळे निदान फीपायी प्रवेश सोडायची वेळ येत नाही. तेच उदाहरण, पण आता ते दाव्याच्या कामाला लागलं.

खरी कसोटी पुढे आहे. जर्मनीचं लिहिताना सुचेल की फी नसली तरी राहण्या-जेवण्याचा खर्च उरतोच. मुद्दा खरा आहे, चांगलाही आहे, आणि तरी या परिच्छेदात नको. तो विरुद्ध बाजूचा आहे, पुढच्या परिच्छेदात न्या. वाईट वाक्य कुणीही खोडतं. चांगलं वाक्य जागचं हलवायला जिवावर येतं, आणि परिच्छेद फुटतात ते बहुतेक तिथेच.

४० मिनिटांतली पहिली पाच-सात आराखड्याला द्या, खुशाल मराठीत. प्रत्येक परिच्छेदासाठी एकच ओळ. त्या ओळीत 'आणि शिवाय' घालावं लागलं तर तिथे दोन परिच्छेद दडलेत. कागदावर परीक्षा देणार असाल तर हे जास्तच महत्त्वाचं, कारण संगणकावर वाक्य उचलून हलवता येतं, कागदावर खाडाखोड होते. किमान २५० शब्द सांगितलेत, २७०-२९० पुरे. प्रस्तावना दोन वाक्यांची, त्यात तुमचं मत आलंच पाहिजे. समारोपात नवा मुद्दा नको. यावर अधिक डोकं लावू नका, तुमचा बँड तिथे अडलेला नाही.

ही नुसती परीक्षेची युक्ती आहे असंही नाही. अ‍ॅबर्डीनचे प्राध्यापक अलेक्झांडर बेन यांनी १८६६ च्या आपल्या पुस्तकात परिच्छेदाचे नियम मांडले, त्यातही विषयाची एकता आहेच. उद्या मास्टर्सला तीन हजार शब्दांचा निबंध लिहाल तेव्हाही हेच लागेल, फक्त परिच्छेद वाढतील.

पुढचा निबंध झाला की पूर्ण टाकू नका. चारही परिच्छेदांची फक्त पहिली वाक्यं ओळीने टाका. तुमचं मत काय आणि ते कशाच्या जोरावर, हे मला तेवढ्यावरून सांगता आलं नाही, तर कुठला परिच्छेद घसरलाय ते तिथेच बघू.