तो तक्ता उलटा आहे: हेदवीची बामणघळ आणि पलीकडची खडपं

गुहागर तालुक्यातल्या हेदवीच्या सहलीचा बेत तुम्ही इथे मांडून सल्ला विचारलाय, म्हणून लिहिते: तुमच्या हॉटेलवाल्यांनी पाठवलेला भरती-ओहोटीचा तक्ता आधी बाजूला ठेवा. तुम्ही लिहिलंय की शुद्ध सप्तमीला सकाळी अकराला भरती आहे, तेव्हा बामणघळीचा (कातळातल्या चिंचोळ्या फटीतून उसळणाऱ्या पाण्याचा) फवारा बघू, आणि संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी ओहोटी आहे म्हणून साडेतीनच्या सुमारास आईवडील आणि दोन्ही मुलांना घेऊन खडपांवर, म्हणजे किनाऱ्यालगतच्या कातळांवर, उतरू. वरच्या उत्तरांत सगळ्यांनी राहायचं कुठे आणि सुरमई कुठे चांगली मिळते ते सांगितलं, पण या आकड्यांकडे कुणी बघितलेलं दिसत नाही. माझी नजर तिथेच अडकली, कारण याच घोळाने आमच्या घरातलं एक मनगट मोडलंय.

आपल्या किनाऱ्यावर सप्तमीला सकाळी अकराला भरती येत नाही. तिथीला तीनाने गुणा, चाराने भागा, भरतीची वेळ मिळते. सात त्रिक एकवीस, भागिले चार, म्हणजे सव्वापाच. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. हा हिशोब मुंबईला बऱ्यापैकी जुळतो. गुहागर-रत्नागिरीकडे पाणी मुंबईच्या आधी भरतं, म्हणून अर्धा-पाऊण तास वजा करा. म्हणजे तुमच्या दिवशी भरती दुपारी साडेचारच्या आसपास आणि ओहोटी सकाळी सव्वादहा-साडेदहाला. (ढोबळ हिशोब आहे. सप्तमी-अष्टमीला तो जरा जास्तच हलतो. मी शाळेत गणित शिकवते, समुद्रविज्ञान नाही.)

आता साडेचारातून अकरा वजा करा. बरोबर साडेपाच तास. हा फरक दिसला की समजायचं, कुणीतरी परदेशी संकेतस्थळावरून ग्रीनिचच्या वेळा जशाच्या तशा उतरवल्यात आणि भारतीय वेळेसाठी साडेपाच तास मिळवायचे राहून गेलेत. चूक बारा तासांची असती तर फारसं बिघडलं नसतं, कारण तेवढ्यात पाणी फिरून जवळजवळ त्याच जागी येतं. पण भरतीपासून ओहोटीपर्यंत साधारण सव्वासहा तास जातात. साडेपाच तास चुकले की भरतीच्या जागी ओहोटी आणि ओहोटीच्या जागी भरती. गंमत म्हणजे असा तक्ता दिसायला अगदी व्यवस्थित असतो. वेळा रोज पन्नासेक मिनिटांनी पुढे सरकतात, पौर्णिमा-अमावास्येला उंची वाढते, सगळं जिथल्या तिथे. म्हणून शंका येत नाही.

आम्हाला असाच कागद पर्यटकांना माहिती देणाऱ्या एका कार्यालयातून मिळाला होता. नाव लिहीत नाही. जागेचंही लिहीत नाही, कारण नाव टाकलं की पुढच्या शनिवार-रविवारी तिथे स्पीकर वाजतो. गुहागर तालुक्यातलंच एक टोक आहे एवढं पुरे. पौर्णिमेचा दुसरा दिवस होता. कागदावर सकाळी पावणेसातला भरती, दुपारी एकच्या आधी ओहोटी, खाली गोल शिक्का. आम्ही नऊला उतरलो. त्याच वेळी कालवं (कातळाला चिकटलेले शिंपले) काढणाऱ्या बायका टोपल्या घेऊन वर येत होत्या. त्यातल्या एकीने सांगितलंही, "आता खाली कशाला जाता? पाणी भरतंय." आमच्या मंडळींनी तिला तो शिक्क्याचा कागद दाखवला. तिने कागदाकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं आणि चालू लागली.

टोकाला वळसा घालून पलीकडे बसलो, डबे उघडले. पाणी वर येतंय हे दिसत होतं, पण प्रत्येकाचं म्हणणं एकच की एकला ओहोटी आहे, म्हणजे आता उतरणारच. साडेदहाच्या सुमारास वाटेतली घळ भरली आणि परतीचा रस्ता संपला. मग एका उंच कातळावर डोक्यावर पंचा-ओढण्या घेऊन भर उन्हात बसून राहिलो. पाणी बाराच्या पुढे थांबलं आणि वाट मोकळी व्हायला तीन वाजून गेले. तोवर सगळे इतके कंटाळले होते की घाईने निघाले आणि ओल्या शेवाळावरून आई घसरली. चिपळूणला नेऊन प्लास्टर, नंतर प्लेट. तिला अजूनही कणीक मळता येत नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्या कार्यालयात गेले. भांडायला नाही, एवढंच सांगायला की कागद काढा, उद्या कुणाचा जीव जाईल. टेबलामागच्या गृहस्थांचं उत्तर: "तक्ता वरून येतो, आम्ही फक्त झेरॉक्स काढतो." त्यांच्या खिडकीतून खाडी दिसत होती आणि ती काठोकाठ भरलेली होती. कागदाप्रमाणे तेव्हा ती सुकलेली असायला हवी होती. मी म्हटलं, साहेब, मान वळवून बघा. तर म्हणाले, खिडकीतून बघून कार्यालयीन माहिती बदलता येत नाही, लेखी अर्ज द्या. अर्ज दिला. ग्रीनिचची वेळ, भारतीय वेळ, तिथीचा हिशोब, सगळं शाळेतल्या पोरांना समजावतात तसं लिहून दिलं. बऱ्याच दिवसांनी उत्तर आलं की विषय आमच्या कार्यक्षेत्रात येत नाही, सबब अर्ज पुढे पाठवला आहे. ज्यांच्याकडे पाठवला त्यांनी कळवलं की सदर तक्ता या कार्यालयाने प्रसिद्ध केलेला नाही. दोघेही खरंच बोलत होते, आणि कागद भिंतीवर होता तो होताच. पुढच्या वर्षी नणंदेने फोटो पाठवला. नव्या वर्षाचा तक्ता, चूक तीच, या वेळी रंगीत आणि लॅमिनेट केलेला. तुम्ही इथे जोडलेल्या फोटोच्या कोपऱ्यात सूर्य-लाटांचं जे चित्र आहे ते मला फारच ओळखीचं वाटतंय. तोच कागद असेल असं छातीठोकपणे सांगत नाही, पण हॉटेलवाले तरी तक्ता आणखी कुठून आणणार?

असो. तुमच्या बेताबद्दल.

सप्तमीला भांगाची भरती असते. पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. त्यामुळे बामणघळीत फवारा बेताचाच उडेल, फारशी आशा ठेवू नका. तो खरा बघायचा तर पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे जायला हवं. तेव्हा उधाणाची भरती आपल्याकडे साडेअकरा ते एकच्या दरम्यान येते. तेही घळीच्या काठापासून लांब उभं राहून बघायचं. पाणी चिंचोळ्या फटीतून उसळतं, परतताना ओढतं, आणि काठ कायम ओला असतो. काठावर पाठ करून सेल्फी काढणाऱ्यांना मी आता सरळ ओरडते, मग ते रागावले तरी चालेल.

खडपांवर हिंडायला मात्र तुमची तारीख वाईट नाही. साडेआठच्या सुमारास उतरा आणि साडेदहाला, म्हणजे ओहोटी तळाला असतानाच, परत फिरा. "अजून पाणी लांब आहे" म्हणून थांबू नका. पाणी सारख्या वेगाने चढत नाही. ओहोटीनंतरचा पहिला तास काहीच हललेलं दिसत नाही आणि तिसऱ्या-चौथ्या तासात निम्मी भरती येऊन जाते. संध्याकाळचा बेत रद्दच करा. तुम्ही उतराल तेव्हा पाणी जवळजवळ पूर्ण भरलेलं असेल, आणि ते पुरेसं ओसरेपर्यंत अंधार पडेल.

कागद कुठलाही असो, माझाही हिशोब धरून, उतरण्याआधी दहा-पंधरा मिनिटं नुसतं बसून बघा. एक दगड धरायचा आणि पाणी त्याच्यावर चढतंय की उतरतंय ते पाहायचं. लाट गेल्यावर वरचा दगड ओला आणि खालचं पाणी शांतपणे मागे सरकत असेल तर ओहोटी चालू आहे. कोरडा दगड ओला होत चालला असेल तर घरी जा. कातळावर पांढुरक्या, खरखरीत शिंपल्यांचा पट्टा दिसतो, त्याच्या खाली तुम्ही उभे असाल तर तिथे पाणी येतंच. आणि टोपलीवाल्या बायका ज्या दिशेने चालल्यात तिकडे जा. त्या वर येत असतील तर तुम्हीही वर या. मी हल्ली याहून मोठा पुरावा मागत नाही.

अधिकृत वेळा हव्या असतील तर भारतीय सर्वेक्षण विभाग दर वर्षी बंदरांचे तक्ते काढतो. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था भरतीचे अंदाज देते आणि उंच लाटांचे इशारेही. इशारा असेल तर ओहोटीलाही उतरू नये, कारण लांबून आलेली फुगवट्याची लाट भरती-ओहोटी बघत नाही. मोबाइलवरच्या ॲपमध्ये वेळ भारतीय आहे ना, आणि जवळचं बंदर कुठलं धरलंय, हे तपासा. मुंबई धरलं असेल तर पाऊण तासाची गफलत आलीच.

तुमच्या वडिलांच्या गुडघ्यांचं वाचून मला वाटतं त्यांनी खडपांवर उतरूच नये. उमामहेश्वराच्या देवळाजवळ बसून समुद्र छान दिसतो आणि मुलांनाही त्यांच्याकडे आळीपाळीने सोडता येतं. (हे माझं मत, त्यांना ठणठणीत वाटत असेल तर तुम्ही जाणा.) बाकीच्यांनी पट्ट्याचे रबरी सँडल घाला. साध्या स्लीपर शेवाळावर टिकत नाहीत, आणि अनवाणी गेलात तर कालवांच्या कडा ब्लेडसारख्या तळवा कापतात. शंकूच्या आकाराचे नक्षीदार शंख मुलांना उचलू देऊ नका, त्यातला प्राणी जिवंत असला तर विषारी डंख करतो. खाली नेटवर्क मिळेल याची खात्री नाही, म्हणून वर एक माणूस ठेवा आणि त्याला परतायची वेळ सांगून ठेवा. ११२ सगळ्यांना माहीत असतो. सागरी पोलिसांचा १०९३ आणि तटरक्षक दलाचा १५५४ हेही लिहून ठेवा.

हरिहरेश्वरही करणार आहात असं शेवटी लिहिलंय. तिथली डोंगरामागची प्रदक्षिणाही भरतीला बंद होते, त्या दिवसाचा हिशोब वेगळा मांडा, आणि देवळाजवळच्या दुकानदारांना विचारल्याशिवाय पायऱ्या उतरू नका. गुहागरहून तिकडे जाताना धोपावे-दाभोळ फेरीबोटीने गेलात तर चिपळूणचा मोठा वळसा वाचतो. गाडी पुळणीवर उतरवू नका. रुतली तर ओढून काढायचे पैसे वेगळे, आणि गावकऱ्यांची बोलणी वेगळी.

हॉटेलवाल्यांना तक्त्याबद्दल कळवाल तेव्हा अर्जबिर्ज लिहू नका. त्यांना सकाळी अकराला किनाऱ्यावर उभं करा.